घरच्या लाकडातून ट्रॅक्टरचे शेड : यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातील आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे आणि गाव दिलेले नाही. मोजमापे, कामाचा क्रम आणि खर्च मात्र त्या वेळी वहीत टिपून ठेवल्याप्रमाणेच आहेत. वही लिहिण्याचे आणि लाकडाचा हिशेब करण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतील काही माझ्याही आहेत.

कुटुंबात वडील, दोन विवाहित भाऊ आणि गावठाणाला लागूनच असलेले चौदा एकर वावर. कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके. आदल्या दिवाळीच्या आधी त्यांनी कर्ज काढून ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. पाठोपाठ ट्रॉली, रोटाव्हेटर आणि पलटी नांगर आला. हे सगळे सामान घरासमोरच्या कडुनिंबाखाली ताडपत्री टाकून उभे होते. एका हिवाळ्यात उंदरांनी वायरिंग दोनदा कुरतडले, पक्ष्यांच्या विष्ठेने बोनेटचा रंग उतरला आणि येणारा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जाणार हे ठरलेलेच होते. त्या उन्हात टायरच्या कडांना भेगा पडतात आणि सीटचे कापड फाटते. पावसाळ्यापूर्वी निवारा हवा, यावर घरात एकमत होते. तो कसा बांधायचा, यावर नव्हते.

वावराच्या पश्चिमेच्या धुऱ्यावर (बांधावर) वडिलांनी आणि आजोबांनी राखलेली झाडे होती : जुन्या बाभळी, एका रांगेत लावलेल्या निलगिरी आणि चार साग. याच झाडांवरून पुढचा सगळा विचार सुरू झाला.

अडचण

प्रश्न वरवर पैशांचा दिसत होता. तालुक्याच्या गावातील फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी पाइप आणि टिनाच्या शेडचा १ लाख ४५ हजार रुपयांचा अंदाज दिला होता, आणि कर्जाचा पहिला हप्ता भरल्यावर कुटुंबाच्या हातात जेमतेम एक लाख उरत होते. पण मला आज वाटते की खरी अडचण वेळेची होती. निर्णय डिसेंबरच्या शेवटी झाला आणि मृगाचा पाऊस जूनच्या मध्यावर येतो. झाड तोडणे, चिरणे, वाळवणे, पाये भरणे आणि छप्पर चढवणे हे सगळे साडेपाच महिन्यांत बसवायचे होते. यांतील चार कामे माणसे वाढवून उरकता येतात. लाकूड मात्र घाई केल्याने वाळत नाही.

दुसरी अडचण जमिनीची होती. ही भारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विटांची जड भिंत त्या मातीला काही प्रमाणात दाबून तरी धरते. टिनाचे हलके शेड तिच्याबरोबर वरखाली होते.

विचारात घेतलेले पर्याय

लोखंडी शेडचा पर्याय धाकट्या भावाला पसंत होता. आठ दिवसांत काम होते आणि वाळवीची चिंता राहत नाही, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्यासाठी आणखी उसनवारी करावी लागली असती, आणि पेरणीच्या तोंडावर बियाणे-खतांसाठी हात मोकळा ठेवणे थोरल्या भावाला महत्त्वाचे वाटले.

बल्ल्या गाडून त्यांवर टिन ठोकण्याचा पर्याय सर्वांत स्वस्त होता. गावातले बहुतेक कोठे (गुरांचे गोठे) असेच आहेत. परंतु काळ्या मातीत थेट गाडलेला खांब जमिनीच्या पातळीवरच आधी कुजतो, आणि असा कोठा दर चार-सहा वर्षांनी नव्याने उभारावा लागतो, हे वडिलांनीच सांगितले.

सागाचा विषय वडिलांनी काढला आणि तो गांभीर्याने तपासला गेला. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सोळा प्रकारची झाडे आहेत; साग, मोह, चिंच, आंबा, बिजा, ऐन, अंजन ही त्यांतलीच. ती स्वतःच्या मालकीच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज, पाहणी आणि परवानगी यांत किती दिवस जातील याचा भरवसा नव्हता. शिवाय चारही साग अजून मनगटापेक्षा थोडेच जाड होते आणि त्यांत गाभ्याचे लाकूड फारसे भरले नव्हते. ते राखायचे ठरले. हा निर्णय मला आजही पूर्ण योग्य वाटतो.

बाभूळ आणि निलगिरी या अनुसूचीत नाहीत. तोडलेला माल रस्त्याने हलवण्याचे नियम मात्र वेगळे असतात, म्हणून थोरला भाऊ झाडे तोडण्यापूर्वी जवळच्या वन कार्यालयात जाऊन आला. स्वतःच्या शेतातील झाडे, त्याच शेतात, स्वतःच्या वापरासाठी चिरायला हरकत नाही, असे उत्तर त्याला तोंडी मिळाले. त्याने ते लेखी घेतले नाही. पुढे काही अडचण आली नाही, पण कोणी तक्रार केली असती तर हातात दाखवायला कागद नव्हता. ग्रामपंचायतीचा झाडांच्या मालकीचा दाखला आणि एका अर्जाची पोच, एवढे तरी घ्यायला हवे होते.

तालुक्याच्या परवानाधारक आरागिरणीत ओंडके नेले असते तर चिराई सरळ आणि कमी नासाडीची झाली असती. पण त्यासाठी ओंडके सतरा किलोमीटर नेणे, वाहतुकीचे कागद करणे आणि क्रेन किंवा दहा माणसे लावून ते चढवणे भाग होते. त्याऐवजी शेजारच्या तालुक्यातील एक जण चेनसॉला लोखंडी पट्ट्यांची चौकट लावून जागेवर फळ्या चिरून देत असे, त्याला बोलावण्याचे ठरले. चेनसॉच्या प्रत्येक चिरेला पाव इंचाहून जास्त लाकूड भुसा होऊन जाते आणि आरागिरणीच्या पट्टी-करवतीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच जाते, हे माहीत असूनही हा पर्याय निवडला गेला, कारण झाडे पुरेशी होती आणि वाहतूक टळत होती.

लाकडाचा हिशेब आणि तोडणी

शेडचा आकार समोरून २४ फूट आणि खोली १८ फूट असा ठरला. बारा-बारा फुटांचे दोन कप्पे, एकात ट्रॅक्टर आणि दुसऱ्यात ट्रॉली व अवजारे. समोरची उंची ११ फूट, मधली साडेनऊ आणि मागची ८ फूट, म्हणजे छपराला सहा फुटांमागे एक फूट उतार. एकूण नऊ खांब, प्रत्येकी ६ बाय ६ इंच. आडव्या तुळया ४ बाय ८ इंच. वासे अडीच बाय पाच आणि त्यांवर टिनासाठी दोन बाय तीनच्या पट्ट्या. हे सगळे मिळून चिरलेले लाकूड सुमारे ६८ घनफूट लागत होते.

उभ्या झाडाचे माप गोलाईवरून काढतात : गोलाईच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे. चार फूट गोलाईचा दहा फुटी ओंडका अशा रीतीने दहा घनफूट भरतो. चेनसॉच्या चिराईत निम्मे लाकूड हाती येईल असे धरून १३६ घनफुटांची तजवीज करायची होती. त्यासाठी सहा बाभळी आणि सहा निलगिरी तोडल्या.

कोणते लाकूड कुठे लावायचे, हे झाडांच्या स्वभावावरूनच ठरले. बाभूळ जड आणि चिवट. वखर, तिफण आणि बैलगाडीची चाके पूर्वापार तिचीच होत आली आहेत. पण तिचा सरळ बारा फुटी तुकडा मिळणे कठीण, म्हणून ती खांबांना दिली. निलगिरी सरळसोट वाढते, म्हणून तुळया, वासे आणि पट्ट्या तिच्या.

निलगिरीचा दुसरा स्वभाव पहिल्याच ओंडक्याने दाखवला. या झाडाच्या खोडात वाढीचा ताण साठलेला असतो. बाहेरचा भाग ओढलेला आणि आतला दाबलेला. चिरणाऱ्याने ओंडक्याच्या एकाच बाजूने फळ्या काढत नेल्या, आणि एकवीस फुटी फळी मोकळी होताच धनुष्यासारखी वर उचलली गेली. दोरी लावून मोजले तर मध्यावर तीन इंच बाक होता. तो अख्खा ओंडका वाशांच्या कामातून बाद झाला. तिथे अर्धा दिवस काम थांबवून दोन गोष्टी बदलल्या. एक, ओंडका आलटून पालटून दोन्ही बाजूंनी चिरायचा, म्हणजे ताण सारखा सुटत जातो. दुसरी, एकसंध एकवीस फुटी वाशांचा हट्ट सोडून साडेअकरा फुटांचे दोन तुकडे मधल्या तुळईवर शेजारी-शेजारी घेऊन जोडायचे. या दुसऱ्या बदलामुळे पुढे छपराचे कामही सोपे झाले, कारण साडेअकरा फुटांचा वासा दोन माणसे चढवू शकतात.

चिराईला नऊ दिवस लागले. बाभळीने साखळीची धार दर दीड-दोन तासांनी उतरत होती. तिच्या सालीत धूळ-माती भरलेली असते, म्हणून तिसऱ्या दिवसापासून चिरेच्या रेषेवरची साल आधी कुऱ्हाडीने काढून घेतली. गोल कानशीने दात लावण्याचा तो आवाज त्या पंधरवड्यात वावरात सतत होता.

वाळवणे : मुख्य निर्णयबिंदू

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सर्व माल कडुनिंबाच्या सावलीत विटांच्या रांगांवर थप्पी लावून ठेवला. दोन थरांमध्ये एक इंची पट्ट्या, आणि त्या सर्व थरांत बरोबर एकाखाली एक, नाहीतर फळी पट्टीच्या जागी वाकते. फळ्यांची टोके डांबराने बंद केली, कारण लाकडातले पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तो वेग इतका असतो की टोके हातभर फाटतात.

लाकूड किती वाळले हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून वाशाचा तीन फुटी तुकडा थप्पीच्या मध्यभागी ठेवून दर रविवारी तो कापूस मोजायच्या काट्यावर टाकायचा असे ठरवले. वहीत नोंदी अशा आहेत : सुरुवातीला ८.२ किलो, मार्चच्या मध्यात ७.३, एप्रिलच्या मध्यात ६.७, मेच्या मध्यात ६.३. वजन उतरायचे थांबले नव्हते, पण वेग मंदावला होता. पातळ माल वापरण्याजोगा झाला, असे यातून आम्ही मानले, आणि ते बरोबर ठरले.

चूक झाली ती सहा इंची बाभळीच्या खांबांबाबत. हवेवर वाळताना लाकडाला जाडीच्या प्रत्येक इंचामागे सुमारे वर्ष लागते, असा सुतारकामातला ढोबळ हिशेब आहे. कोरड्या हवेत तो कमी होतो, पण सहा इंची खांब तीन महिन्यांत आतून वाळणे शक्य नव्हते. अडीच इंची तुकड्याचे वजन घेऊन आम्ही त्यावरून सगळ्या थप्पीचा निष्कर्ष काढला. खांबाचा वेगळा नमुना मी ठेवायला हवा होता.

गावातल्या वाढयाने (सुताराने) हे न मोजताच ओळखले होते. खांबाला छिद्र पाडताना गिरमिटाच्या पात्यावर ओलसर, काळपट भुसा चिकटून आला. तो बोटांत चोळून तो थोरल्या भावाला म्हणाला, “भाऊ, हे लाकूड आतून ओलंच हाये. आता ठोकलेला खिळा मिरगापर्यंत ढिला होते.” वडिलांनी त्याला दुजोरा दिला : “आमच्या बापानं बाभूळ तोडली का वर्षभर पाण्यात टाकून ठेवे, मंगच वखराले लावे.” बाभळीचे ओंडके पाण्यात बुडवून ठेवल्याने सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंग्याचा उपद्रव कमी होतो, हे त्या प्रथेमागचे कारण आहे.

त्या दिवशी समोर तीन वाटा होत्या. काम एक वर्ष पुढे ढकलणे. खांब लोखंडी पाइपचे विकत घेऊन फक्त छप्पर लाकडाचे करणे. किंवा ओल्या खांबांवरच उभारणी करून सगळे सांधे बोल्टचे ठेवणे, म्हणजे लाकूड आकसल्यावर ते पुन्हा आवळता येतील. कुटुंबाने तिसरी वाट घेतली. मला त्या वेळी ती समजूतदारपणाची तडजोड वाटली, आणि अट पूर्ण पाळली गेली असती तर ती तशी ठरलीही असती.

पाये आणि वाऱ्याचा हिशेब

टिनाच्या शेडबाबत लोक छप्पर पडेल का याचा विचार करतात. हलक्या छपराचा खरा धोका ते उडण्याचा असतो. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. तो इथे साधारण ११६० येतो, म्हणजे ११८ किलोच्या वजनाइतका. समोरून उघड्या शेडला तो आतून वर ढकलतो आणि वरून ओढतो. आम्ही ढोबळमानाने दर चौरस मीटरला १०० किलो धरले. चारही बाजूंनी खांबांबाहेर आलेली दीड फुटांची झड धरून छपराचे क्षेत्र ५३ चौरस मीटर होते. म्हणजे उचलणारा जोर पाच टनांहून जास्त, आणि टिन व लाकूड मिळून छपराचे वजन सव्वा टनाच्या आसपास. उरलेला सगळा जोर खांबांमधून जमिनीने धरायचा होता.

म्हणून प्रत्येक खांबाखाली दीड फूट चौरस आणि चार फूट खोल काँक्रीटचा पाया ठरला. तो नऊ घनफूट, म्हणजे सुमारे ६०० किलोचा होतो. अगदी मधल्या खांबावर सर्वांत जास्त क्षेत्राचा भार येतो, म्हणून तिथला पाया दोन फूट चौरस केला. पायात बोल्ट बसवून वर सहा मिलिमीटर जाड पत्र्याचा बूट आणि त्यात खांब, जमिनीपासून दहा इंच वर. खांब मातीला कुठेच टेकत नव्हता. पूर्ण कामात मला सर्वांत समाधान देणारा भाग हाच आहे.

खोदताना तीन-साडेतीन फुटांवर मुरूम लागत गेला. ईशान्येच्या कोपऱ्यात मात्र चार फुटांवरही काळी मातीच होती. त्या दिवशी काँक्रीट मिक्सर भाड्याने आलेला, मजूर थांबलेले, आणि एका खड्ड्यासाठी आणखी दीड फूट जायचे की नाही हा प्रश्न पाच मिनिटांत निकालात निघाला. तो पाया काळ्या मातीतच भरला.

एक निर्णय कोणी निर्णय म्हणून घेतलाच नाही. शेडचे तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे ठेवले गेले, कारण ट्रॉली मागे घेताना वळण कमी पडते. उन्हाळी वादळे आपल्याकडे बहुतेक पश्चिम आणि वायव्येकडून येतात, आणि शेडची उंच, उघडी बाजू त्यांच्या समोर आली. वाऱ्याचा एवढा हिशेब मांडूनही मी हे नकाशावर पाहिले नाही.

उभारणी आणि मेअखेरचे वादळ

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सांगाडा उभा राहिला. तुळया खांबांना बोल्टने जोडल्या गेल्या. वासे तुळयांना लोखंडी पट्ट्या आणि बोल्टने बांधायचे होते, पण पट्ट्या वाकवून देणाऱ्याकडे लग्नसराईचे काम होते आणि त्या आठ दिवस उशिरा मिळणार होत्या. आभाळ रोज संध्याकाळी भरून येत होते. वासे तात्पुरते सहा इंची खिळ्यांवर ठेवून टिन चढवून घ्यावे आणि पट्ट्या नंतर लावाव्यात, असे ठरले. वाढई नाखूश होता. पण त्याचेही पुढचे काम ठरलेले होते.

ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड वाळल्यावर आपली बरीचशी पकड गमावतो. तुळया खांबांइतक्या ओल्या नसल्या तरी पूर्ण वाळलेल्याही नव्हत्या, आणि टिनाखालच्या उष्णतेत त्या झपाट्याने वाळू लागल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी धुळीचे वादळ आले. डाव्या कप्प्याच्या समोरची तीन वासे टिनासकट हातभर वर उचलली गेली आणि खाली आपटली. चार पत्रे दुमडले, एक फाटून तुरीच्या धसकटांत जाऊन पडला. ट्रॅक्टर अजून कडुनिंबाखालीच होता आणि शेडमध्ये कोणी नव्हते. अर्ध्या तासापूर्वी धाकटा भाऊ त्याच वाशाखाली खुर्ची टाकून बसलेला होता, ही गोष्ट घरात अजूनही कोणी सहज बोलत नाही.

पायांपैकी एकही हलला नाही, खांब-तुळईचा एकही सांधा सुटला नाही. जोर पेलणाऱ्या साखळीतला फक्त एक दुवा खिळ्यांवर होता आणि तोच तुटला.

दुसऱ्या दिवशी उरलेले टिन उतरवून ठेवले. पट्ट्या मिळाल्यावर प्रत्येक वासा प्रत्येक तुळईशी बोल्टने बांधला, आणि मागची बाजू सालींच्या फळ्यांनी पूर्ण बंद करण्याचा बेत बदलून वरचे दोन फूट मोकळे सोडले, म्हणजे समोरून शिरलेला वारा अडकून छपराला उचलण्याऐवजी मागून निघून जाईल. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा ट्रॅक्टर आत होता.

पुढचे दीड वर्ष

ऑगस्टमध्ये ईशान्येचा खांब सव्वा इंच वर आला. मुरुमावर न टेकलेल्या पायाला फुगलेल्या मातीने उचलले होते, आणि तिला पाणी पुरवले होते आम्हीच. छपराचा उतार मागे, पूर्वेला. पन्हाळ लावलेली नव्हती. पन्नास मिलिमीटरच्या एका पावसात त्या छपरावरून सुमारे २६०० लिटर पाणी मागच्या तीन पायांच्या कडेला पडते. एवढे पाणी दर मोठ्या पावसाला पायाशी ओतल्यावर काळी माती दुसरे काय करणार? पन्हाळ लावून पाणी शेताच्या नालीकडे वळवले. एप्रिलमध्ये तो खांब पुन्हा अर्धाअधिक खाली बसला. बुटाचे बोल्ट सैल करून खाली पातळ पत्र्याचे तुकडे सारून उंची जुळवून घेता आली, कारण खांब गाडलेला नव्हता.

दिवाळीनंतर दोन खांबांखाली पिठासारख्या बारीक भुशाच्या लहान ढिगाऱ्या दिसू लागल्या. बाभळीच्या पांढऱ्या लाकडात भुंगा लागला होता. खांब उभारताना फक्त बुडाला जळके ऑइल चोपडले होते. ते वरवर राहते आणि अळीला रोखत नाही, उलट मातीत झिरपते. वाढयाने वाकसाने पांढरे लाकूड तासून गाभा उघडा केला, आणि त्यावर टाकणखार व बोरिक ॲसिडचे पाण्यातले द्रावण तीन वेळा लावले. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, म्हणून ते छपराखालच्या लाकडालाच उपयोगी आहे. त्यानंतर भुसा दिसलेला नाही. गाभ्याला भुंग्याने तोंड लावलेले नव्हते.

खांब जसजसे वाळले तसतसे त्यांना उभ्या भेगा पडल्या आणि दोन खांबांना थोडा पीळ आला. सगळे बोल्ट पहिल्या वर्षात तीनदा आवळावे लागले. दुसऱ्या वर्षात एकदा पुरले.

खर्च असा झाला : टिन आणि हुक २६ हजार, पाये व बूट २१ हजार, चिराई पेट्रोलसह १४ हजार, वाढई २२ हजार, बोल्ट आणि पट्ट्या ६ हजार, मुरूम भराई ८ हजार, एकूण ९७ हजार. वादळानंतरची दुरुस्ती, पन्हाळ आणि भुंग्याचा बंदोबस्त धरून तो १ लाख ९ हजारांवर गेला. लोखंडी शेडच्या तुलनेत रोख ३६ हजार वाचले, पण घरच्या माणसांचे ४१ दिवस यात गेले. चारशे रुपये रोजाने ते धरले तर बचत वीस हजारांच्या आत येते. निव्वळ पैशांसाठी कोणी हा मार्ग धरत असेल तर त्याने हा शेवटचा आकडा आधी पाहावा.

वेगळे काय करता आले असते

सहा इंची अखंड खांबांऐवजी तीन बाय सहाच्या दोन फळ्या, मध्ये ठोकळे देऊन बोल्टने जोडलेल्या, असा खांब केला असता तर लाकूड एका हंगामात वाळले असते, पांढरा भाग आधीच काढता आला असता आणि तुळई दोन फळ्यांच्या मध्ये बसून सांधाही जास्त पक्का झाला असता. आज मला सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट, कारण त्यासाठी जास्त पैसा किंवा वेळ लागला नसता, फक्त चिराईच्या आधी एक संध्याकाळ बसून विचार करायला हवा होता.

पायाच्या खड्ड्यात काँक्रीट थेट काळ्या मातीला लागू न देता कडेने मुरूम भरता आला असता; फुगणारी माती खडबडीत काँक्रीटला धरून वर ओढते, ते टळले असते. ईशान्येचा खड्डा दीड फूट आणखी खोदायचा होता. शेडचे तोंड पूर्वेला ठेवून ट्रॉलीसाठी वळण मोठे करता आले असते, जागा होती.

टिन चढवण्याच्या घाईबाबत मात्र मी वेगळे बोलेन. पावसाच्या तोंडावर उघड्या सांगाड्याकडे पाहत आठ दिवस थांबणे किती कठीण असते हे मी पाहिले आहे. तेव्हा टिन न चढवता ताडपत्री बांधून दहा दिवस काढता आले असते, हे वाढयाने सुचवलेही होते. वयाने आणि कामाने जो तिथे सर्वांत जाणकार होता, त्याच्या नकाराला आम्ही मत मानले. तो इशारा होता.

थोरल्या भावाला ट्रॉलीच्या कप्प्यापुढे आठ फुटांची ओसरी वाढवायची आहे. त्यासाठी त्याने यंदाच्या पौषात धुऱ्यावरच्या दोन बाभळी तोडल्या आणि वडिलांच्या सांगण्यावरून ओंडके साल काढून शेततळ्यात टाकले. ते येत्या उन्हाळ्यात बाहेर निघतील, तीन इंची फळ्यांत चिरले जातील आणि या वेळी प्रत्येक जाडीचा एकेक नमुना काट्यावर जाईल. ओसरीचे टिन पुढच्या वर्षी.